पहिले पुस्तक कोणते घ्यावे?

‘पाणी प्यावे गाळून, गुरू करावा पारखून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ग्रंथालाही आपण गुरू मानतो. परंतु ग्रंथ विकत घेताना ही म्हण क्वचितच आठवते. विशेषतः संगणकाची भाषा शिकण्यासाठी जे पुस्तक घरात येते, ते बहुधा त्याच्या जाडीवरून, मुखपृष्ठावरून अथवा कोणीतरी आदराने उच्चारलेल्या नावावरून निवडलेले असते. पुढे मूल कंटाळते, पुस्तक फडताळात जाते आणि ‘याचे डोके या विषयात चालत नाही’ असा निकाल घरोघर दिला जातो. या निकालाविरुद्ध दाद मागण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मी संगणकाची शिक्षिका नव्हे, भाषा शिकवते. तरीही गतवर्षी नववीतील एक विद्यार्थिनी पायथनचे एक पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. वडिलांनी न्यू मार्केटातून ते जुने पुस्तक हौसेने आणले होते. पहिल्याच धड्यात पडद्यावर एक वाक्य छापून दाखवणारी एक ओळ होती. तिने ती अक्षरशः जशीच्या तशी चार वेळा लिहिली आणि चारही वेळा यंत्राने ती नाकारली. “बाई, मला हे जमणार नाही,” ती म्हणाली.

पुस्तकाचे आतले पान उलटून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या या भाषेची तिसरी आवृत्ती २००८च्या डिसेंबरात आली आणि तिने काही जुने नियम मोडले. ‘प्रिंट’ या शब्दापुढील मजकूर कंसात लिहिणे आवश्यक झाले. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. पुस्तक मात्र २००८च्या आधीचे होते! दोन कंस घातले आणि वाक्य पडद्यावर उमटले.

याहून मनाला लागलेली गोष्ट निराळीच. कंस राहिले आहेत, हे यंत्राने तिला इंग्रजीत सांगितलेही होते. परंतु छापील पुस्तकावर पूर्ण विश्वास आणि स्वतःवर पूर्ण अविश्वास, अशा मनःस्थितीत तिने तो संदेश वाचलाच नाही. पुस्तकाचा दोष तिने निमूटपणे आपल्या माथी घेतला होता. अशी किती मुले असतील?

म्हणून पहिली कसोटी ही, की पुस्तक कोणत्या आवृत्तीसाठी व कोणत्या साली लिहिले आहे ते पाहावे. कविता जुनी झाल्याने बिघडत नाही. संगणकाचे पुस्तक बिघडते आणि तेही कधी कधी नकळत. सातास दोनांनी भागा म्हटले, तर जुने पायथन ३ हे उत्तर देई, नवे ३.५ देते. येथे यंत्र तक्रार करीत नाही. केवळ उत्तर बदलते. सी भाषेचीही तीच गत. टर्बो सी या १९९०च्या सुमाराच्या साधनासाठी लिहिलेले कित्येक धडे आजच्या साधनांवर जसेच्या तसे चालत नाहीत.

दुसरी कसोटी अशी, की पुस्तक कोणासाठी लिहिले आहे? ब्रायन कर्निहन व डेनिस रिची यांचे ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हे १९७८ सालचे पुस्तक जगभर नावाजलेले आहे. त्याची पहिली आवृत्ती अवघी २२८ पानांची होती. थोरपणाला जाडी लागत नाही, याचा तो उत्तम दाखला. तथापि हे पुस्तक अगदी नवशिक्यांसाठी नाही, वाचकाला प्रोग्रॅम लिहिण्याची थोडी ओळख आहे असे गृहीत धरले आहे, हे लेखकांनी प्रस्तावनेतच प्रांजळपणे सांगून ठेवले आहे. आपण मात्र प्रस्तावना वगळतो आणि नाव ऐकून पुस्तक मुलाच्या हाती देतो.

हे मला विशेष जाणवते, कारण माझी मातृभाषा कोकणी आहे. तिचे पहिले छापील व्याकरण फादर थॉमस स्टीफन्स यांचे. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, गोव्यात सासष्टीतील रायतूर येथे निघाले. ते पोर्तुगीज भाषेत आहे. परदेशातून आलेल्या धर्मोपदेशकांना कोकणी यावी, हा त्याचा हेतू. ग्रंथ मोलाचा, यात शंका नाही. पण तो घेऊन कोणी कोकणी मुलाला लिहायला शिकवू लागला, तर दोष ग्रंथाचा की देणाऱ्याचा?

तिसरी कसोटी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पुस्तक विद्यार्थ्याच्या हातून काही करून घेते काय? मी मराठी शाळेत शिकले आणि हिंदी भोपाळला आल्यावर. दोन्ही भाषा मला नियम पाठ करून आल्या नाहीत. चुकीची वाक्ये बोलून, लोकांचे हसू सोसून आल्या. संगणकाची भाषाही तशीच येते. पायथनचे राखीव शब्द पस्तीसच्या आसपास आहेत. आपल्या वर्णमालेतील व्यंजनांहून ते फारसे अधिक नाहीत. शब्द आठवड्यात पाठ होतील. कठीण आहे ती त्यांची रचना, आणि रचना सरावावाचून येत नाही. म्हणून दुकानात पुस्तक मधेच उघडावे व चार पाने वाचावीत. त्यांत स्वतः सोडवण्याजोगे एकही उदाहरण नसेल, तर ते पुस्तक खुशाल परत ठेवावे. ‘अमुक दिवसांत तज्ज्ञ व्हा’ अशी ग्वाही मुखपृष्ठावर असेल, तर अधिकच सावधपणे पाहावे.

कोणी म्हणेल, आता चित्रफिती आहेत, विचारताच प्रोग्रॅम लिहून देणारी यंत्रे आहेत, पुस्तक कशाला? त्यांचा उपयोग मी नाकारीत नाही. परंतु यंत्राने दिलेले उत्तर बरोबर की चूक, हे ओळखण्यापुरते ज्ञान आधी आपल्यापाशी हवे. ते क्रमाक्रमाने, आपल्या गतीने, पुन्हा मागे वळून मिळवण्याची सोय चांगल्या पुस्तकाइतकी अन्यत्र नाही.

पालकांना आणखी एक सुचवावेसे वाटते. पैसे खर्चण्यापूर्वी फुकट मिळणारे पाहा. ज्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची प्रादेशिक संस्था आपल्या श्यामला हिल्सवर आहे, तिनेच २०१९ साली अकरावीसाठी संगणकशास्त्राचे पाठ्यपुस्तक काढले आहे. ते परिषदेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. त्यात पायथन पहिल्या पायरीपासून आहे आणि प्रत्येक धड्याअखेर स्वाध्याय आहेत. उत्सुक नववीच्या मुलालाही त्यातील आरंभीचे भाग झेपतील. इंग्रजी अडली तर घरच्या मोठ्यांनी शेजारी बसून मराठीत अर्थ सांगावा. त्यासाठी स्वतः संगणकतज्ज्ञ असावे लागत नाही, हे मी अनुभवाने सांगते. आणि एक पुस्तक निवडले की ते पुरे करावे. तीन पुस्तकांचे पहिले तीन धडे म्हणजे एक पुस्तक नव्हे.

ते जुने पुस्तक आम्ही रद्दीत दिले नाही. त्या मुलीने पहिल्या तीन धड्यांत जेथे जेथे हवेत तेथे पेन्सिलीने कंस घातले आहेत; चौथ्या धड्यात तर भागाकाराचे एक उत्तरही खोडून दुरुस्त केले आहे. छापील पुस्तकातील चूक सुधारण्याचे धैर्य ज्या दिवशी आले, त्याच दिवशी ती ही भाषा खऱ्या अर्थाने शिकू लागली.

पालकहो, मुलाच्या बुद्धीविषयी निकाल देण्यापूर्वी एवढेच करा. त्याच्या हातातील पुस्तक घ्या, आतले पान उलटा आणि साल वाचा.