तालमीचे पैसे

स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या म्हणजे दरवर्षीं कांहीं पालकांची एक तक्रार आमच्या कानांवर येते. तीन मिनिटांच्या गाण्यासाठीं मुलांचे तीन आठवडे कां खर्च करावे, असें ते विचारतात. तक्रार अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परीक्षा जवळ आलेली असते. शिवाय व्हायोलिनवरचा एकच तुकडा शेजारच्या घरीं चाळीस वेळां वाजूं लागला म्हणजे शेजाऱ्यांच्या सोशिकपणासहि मर्यादा असतात. तथापि या तक्रारीस काय उत्तर द्यावें याचा विचार करीत असतां आमच्या मनासमोर उभी राहिली ती न्यूयॉर्क येथील एक लहानशी रेकॉर्ड कंपनी. तिचें नांव ब्लू नोट. जॅझ संगीताच्या ज्या तबकड्या आम्हांस अत्यंत प्रिय आहेत, त्यांपैकीं बहुतेक या एकाच कंपनीनें काढलेल्या आहेत, आणि त्यांच्या थोरवीचें मूळ आमच्या मतें तालमींत आहे.

जॅझ हा शब्द उच्चारतांच कित्येक वडील मंडळींच्या कपाळावर आठी पडते, हें आम्ही जाणून आहों. मुंबईकरांच्या कानीं हें संगीत पडलें तें मुख्यतः मोठ्या हॉटेलांच्या नाचघरांतून. १९३५ सालीं लिऑन ॲबी याचा अमेरिकन ताफा ताजमहाल हॉटेलांत वाजवीत होता. पुढें गोव्याकडील वादकांनीं तें वादन आत्मसात् केलें. त्यामुळें जॅझ म्हणजे नाच, मद्य आणि जागरण, अशी समजूत होऊन बसली. वस्तुतः त्या गोमंतकीय वादकांपैकीं पुष्कळांनीं स्वरलिपीचे धडे गिरविले ते चर्चच्या पॅरिश शाळेंत! परंतु आक्षेप घेणारे आणखीहि एक म्हणतात: जॅझमध्यें ऐन वेळीं सुचेल तें वाजवावयाचें असतें, मग त्याला तालीम कशाची? या प्रश्नाचें उत्तर आपल्याकडील कोणताहि ख्यालगायक देईल. बैठकींत त्याला सुचणारी तान त्या क्षणाची असते, पण ती सुचावी म्हणून गळा मात्र वर्षानुवर्षें तयार केलेला असतो.

ही कंपनी काढणारा आल्फ्रेड लायन हा मूळचा बर्लिनचा. १९२५ सालीं, ऐन पोरवयांत, त्यानें तेथें सॅम वुडिंग याचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा ताफा ऐकला, आणि तें वेड त्यास जन्मभर पुरलें. २३ डिसेंबर १९३८ रोजीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें कृष्णवर्णीयांच्या संगीताची एक मोठी मैफल झाली. तींत आल्बर्ट ॲमन्स व मीड लक्स ल्युइस या पियानोवादकांस ऐकून तो इतका भारावला कीं, बरोबर दोन आठवड्यांनीं, ६ जानेवारी १९३९ रोजीं, त्यानें एक स्टुडिओ भाड्यानें घेऊन त्यांचें वादन मुद्रित केलें. पैशाची मदत मॅक्स मार्ग्युलिस या लेखकानें केली. त्याच वर्षीं लायनचा बालमित्र, छायाचित्रकार फ्रान्सिस वुल्फ, नाझी जर्मनींतून निसटून न्यूयॉर्कला पोंचला, आणि पुढें वर्षानुवर्षें या दोघांनींच कारभार चालविला. दोघेहि ज्यू, दोघांचेंहि इंग्रजी परक्या वळणाचें.

त्या काळच्या लहान कंपन्या सहसा करीत नसत अशी एक गोष्ट या दोघांनीं केली. मुद्रणापूर्वीं एक-दोन दिवस वादकांनीं एकत्र बसून नव्या चिजा बसवाव्या, आणि त्या दिवसांचेहि पैसे त्यांस मिळावे, असा त्यांनीं परिपाठ ठेविला. वरवर पाहतां ही केवढीशी गोष्ट! परंतु ज्याचें पोट रात्रींच्या वादनावर आहे, त्याला विनामोबदला तालीम परवडत नाहीं. मग तो ऐन वेळीं स्टुडिओंत येतो, सर्वांस ठाऊक असलेलें एखादें गाणें किंवा साधी बारा मात्रांची नव्हे, बारा ‘बारां’ची चौकट घेतो, आणि आपल्या हुषारीवर वेळ मारून नेतो. वादक थोर असला तर तेंहि श्रवणीय होतें. नवी, अवघड रचना मात्र अशा घाईंत उभी राहत नाहीं.

याची प्रचीति पाहावयाची असेल तर जॉन कोल्ट्रेन याची ‘ब्लू ट्रेन’ ऐकावी. १५ सप्टेंबर १९५७ रोजीं ती न्यू जर्सींतील हॅकेन्सॅक गांवीं मुद्रित झाली, आणि तीहि स्टुडिओ म्हणावा अशा इमारतींत नव्हे. रूडी व्हॅन गेल्डर नांवाचा एक गृहस्थ दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर देई, आणि उरल्या वेळांत आईबापांच्या घरांतील बैठकीच्या खोलींत रेकॉर्डिंग करी! त्याच वर्षीं कोल्ट्रेन व्यसनाच्या विळख्यांतून सुटला होता; वय तीस. त्याच वर्षीं, त्याच खोलींत, दुसऱ्या एका कंपनीसाठींहि त्यानें वादन केलें आहे आणि तें मुळींच टाकाऊ नाहीं. पण ‘ब्लू ट्रेन’च्या प्रारंभीं ट्रंपेट, ट्रॉम्बोन व सॅक्सोफोन हीं तिन्ही वाद्यें एकाच श्वासांत आपली हांक देतात, तेव्हां घर कसें बांधून पुरें झालेलें आहे असें वाटतें, आतां त्यांत कोणींहि मोकळेपणानें वावरावें. पांच चिजांपैकीं चार त्याच्या स्वतःच्या. ट्रंपेट वाजविणारा ली मॉर्गन अवघा एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे आमच्या मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांहून फार मोठा नव्हे. ब्लू नोटसाठीं कोल्ट्रेननें स्वतःच्या नांवावर केलेली ही एकच तबकडी.

चर्चमध्यें नित्य जाणाऱ्या कुटुंबांस मात्र आम्ही प्रथम आर्ट ब्लेकी याची ‘मोनिन्’ सुचवूं. ३० ऑक्टोबर १९५८ चें हें मुद्रण. पहिली चीज पियानोवादक बॉबी टिमन्स याची. हा पाद्री घराण्यांत वाढलेला. पियानो एकटाच एक वाक्य बोलतो, आणि सर्व मंडळी दोन स्वरांत त्यास उत्तर देतात; कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्यें उपदेशकाच्या प्रत्येक वाक्यास श्रोते ‘आमेन’ म्हणून साथ देतात, अगदीं तसें. मग बाजू पालटते: वाक्य तुताऱ्या बोलतात आणि आमेन पियानो म्हणतो. आपल्या कीर्तनांत बुवांचें चरण टाळकरी झेलून घेतात, तेंहि याहून फारसें निराळें नाहीं. या चिजेच्या जन्माची हकीकत तिच्या ताफ्यांतील सॅक्सोफोनवादक बेनी गोल्सन यानें सांगितलेली आहे. टिमन्स दोन गाण्यांच्या मध्यें हा तुकडा सहज म्हणून वाजवी, आणि त्यांत कांहीं विशेष आहे असें त्याला वाटतच नसे. गोल्सननें त्याला थांबविलें, बसविलें, आणि मधला भाग रचून चीज पुरी करावयास लावली. पालकांच्या प्रश्नाला याहून बोलकें उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं. तुकडा सहज सुचतो. चीज बसवावी लागते.

होरेस सिल्व्हरची ‘साँग फॉर माय फादर’ ही १९६४ च्या सुमाराची तबकडी कोणालाहि पहिल्याच श्रवणीं आवडेल, म्हणून तिच्याविषयीं अधिक लिहीत नाहीं. इतकेंच सांगतों कीं, वेष्टनावर छायाचित्र आहे तें वादकाचें नव्हे, त्याच्या वडिलांचें. ते पोर्तुगीज अमलाखालील केप व्हर्ड बेटांतून अमेरिकेस गेले. मूळचें आडनांव सिल्व्हा. आमच्या गोव्याच्या वाचकांस हें आडनांव परकें वाटणार नाहीं, आणि त्या चिजेंतील डौलदार ठेकाहि परका वाटूं नये.

विकली जाणार नाहीं अशी वस्तु जवळ बाळगण्याचा हट्टहि या मंडळींपाशीं होता. थेलोनिअस मंक हा पियानोवादक तीस वर्षांचा होईपर्यंत कोणीं त्याच्या नांवें एकहि तबकडी काढली नव्हती. ब्लू नोटनें १९४७ च्या ऑक्टोबरांत ती काढली. लायनची त्या वेळची पत्नी लॉरेन हिनें स्वतः हार्लेममधील दुकानें पालथीं घातलीं. एका दुकानदारानें तिला ऐकविलें कीं, या माणसाचे दोन्ही हात डावेच आहेत. विक्री झाली नाहीं. तरी १९५२ पर्यंत कंपनी त्याच्या रचना मुद्रित करीतच राहिली. आज त्याच्या रचना जगभर जॅझ शिकणारा प्रत्येक विद्यार्थी घोटतो.

उलट, ज्या तबकडीनें पैसा आणला तिनेंच घात केला, असें म्हणण्याचा आम्हांस मोह होतो. ली मॉर्गनची ‘द साइडवाइंडर’ डिसेंबर १९६३ मध्यें मुद्रित झाली आणि पुढील वर्षीं अनपेक्षितपणें तुफान खपली. मग विक्रेते म्हणूं लागले, ‘अशीच दुसरी आणा.’ त्यानंतर निघालेल्या कितीतरी तबकड्यांची पहिली चीज त्याच ठेक्याची नक्कल करते. शाळेंत एका मुलाच्या निबंधास बक्षीस मिळालें म्हणजे पुढील वर्षीं दहा निबंध त्याच वाक्यानें सुरू होतात, तसेंच हें. १९६५ सालीं लायननें कंपनी लिबर्टी या मोठ्या कंपनीस विकली, आणि १९६७ सालीं तो निवृत्त झाला. ब्लू नोट हें नांव आजहि चालू आहे, पण तें युनिव्हर्सल या बलाढ्य संस्थेच्या छत्राखालीं.

एरिक डॉल्फीची ‘आउट टु लंच’ आम्हांस अजून पुरती उमगलेली नाहीं. उमगल्याचा आव आणणार नाहीं. फेब्रुवारी १९६४ मध्यें ती मुद्रित झाली तेव्हां ड्रमवादक टोनी विल्यम्स अठरा वर्षांचा होता, आणि तो ठेका कोठें लपवितो तें शोधण्यांतच आमचें लक्ष गुंतून राहतें. वेष्टनावर दुकानाच्या कांचेवरील ‘परत येऊं’ अशी पाटी आहे. तिच्या घड्याळाला वाजवीपेक्षां जास्त कांटे! त्याच जूनमध्यें डॉल्फी छत्तिसाव्या वर्षीं वारला, आणि तोहि लायन-वुल्फ यांच्या बर्लिन शहरांतच. तबकडी त्याच्यामागें प्रसिद्ध झाली.

ही सर्व स्तुति लिहितांना एक गोष्ट मात्र मनांत सलते. तालमीचे पैसे देणाऱ्या या कंपनीनें कित्येक मुद्रणें करून कपाटांत ठेवून दिलीं. टीना ब्रुक्स हा मृदु स्वराचा सॅक्सोफोनवादक; नांव मुलीचें वाटलें तरी हा पुरुषच. १९५८ ते १९६१ या काळांत ब्लू नोटनें त्याच्या नांवें चार तबकड्यांचें वादन मुद्रित केलें. त्यांपैकीं एकीचें वेष्टनहि तयार झालें होतें. प्रत्यक्षांत त्याच्या हयातींत बाहेर पडली ती एकच, ‘ट्रू ब्लू’, १९६० ची. व्यसनानें त्याचें शरीर पोखरलें, आणि १९७४ सालीं बेचाळिसाव्या वर्षीं तो गेला. उरलेल्या तिन्ही नंतर निघाल्या आणि तज्ज्ञांनीं त्या वाखाणल्या. कपाटांत कां राहिल्या याचीं कारणें पुष्कळ सांगतात: पैसा अपुरा, तबकड्या फार, वादक आजारी. ऐकल्यानंतर एकहि कारण आम्हांस पटत नाहीं. त्यास तालमीचे पैसे मिळाले, श्रोते मिळाले नाहींत. आणि ज्याला श्रोते मिळत नाहींत तो पुढील तालमीस कोणत्या उमेदीनें येणार?

हीं सर्व मुद्रणें आज घरच्या मोबाईलवरहि ऐकावयास मिळतात. ज्या पालकांस रविवारीं दुपारीं पाऊण तास मोकळा असेल, त्यांनीं मुलांना जवळ घेऊन ‘ट्रू ब्लू’च लावावी. ब्रुक्सचा सॅक्सोफोन आणि बावीस वर्षांच्या फ्रेडी हबर्डचा ट्रंपेट पहिली ओळ बरोबर उचलतात आणि बरोबर सोडतात. त्यांतील ‘थीम फॉर डोरिस’ ही चीज आमच्याकडे आठवड्यांतून दोनदां तरी वाजते. शेजाऱ्यांनीं अद्याप तक्रार केलेली नाहीं.