पूजा नको, हिशेब करा

तीन-चार वर्षांखाली सोलापूरच्या एका घराचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला. एका छपराखाली ७२ माणसं, रोजचं १० लिटर दूध. बघणाऱ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. तेव्हापासून आमच्याकडं कीर्तन असो, लग्नातलं भाषण असो, बोलणारा फिरून फिरून त्या घरावर येतो आणि तिथून सुनांवर घसरतो. पूर्वी घरं कशी होती, आता संस्कार राहिले नाहीत, सून आली की चूल वेगळी. टाळ्या पडतात. बोलणारा स्वतः लातूरला नाहीतर पुण्याला दोन खोल्यांत राहत असतो आणि त्याची म्हातारी माय गावाकडं भावाच्या चुलीवर जेवत असते.

माझं म्हणणं सरळ आहे. मोठं घर संस्कारावर उभं राहत नाही आणि सुनेच्या तोंडानं पडत नाही. ते हिशेबावर उभं राहतं. मी कळंब तालुक्यातल्या अशाच एका घरात जन्मापासून जेवतोय. २०२४ च्या मृगापासून २०२५ च्या मृगापर्यंतचं आमचं एक वर्ष मांडतो. वाचून ठरवा.

मृग निघाला तेव्हा घरात १७ माणसं. आई, आम्ही तीन भाऊ, तिघांच्या बायका, थोरल्याची दोन पोरं, त्यांच्या दोन सुना, त्यांची चार लेकरं, माझा पोरगा आणि धाकट्याची पोरगी. जमीन १४ एकर, त्यातली चार विहिरीवर, बाकी पावसावर. धाकटा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, बाकी सगळे मातीत.

९ एकर सोयाबीन केलं. एकरी ७ क्विंटलचा उतारा पडला, म्हणजे ६३ क्विंटल. सरकारचा हमीभाव ४८९२ रुपये. खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट, बारदान्याची बोंब, नंबर कधी येईल याचा पत्ता नाही. इकडं हरभऱ्याचं बी आणायचं होतं, माल दारात ठेवून कुणाचं भागतं? अडतीवर ४१०० नं घातलं. क्विंटलमागं ७९२ रुपये, ६३ क्विंटलला जवळपास ५० हजार, तिथंच गेले.

तरी पेरणीचं कर्ज अंगावर राहिलं नाही. का? खुरपणीला बाहेरची बाई लावली नाही. घरातल्या चौघी २५ दिवस रानात होत्या. ३०० रुपये रोजानं ३० हजार होतात. लोक विचारतात, यंदा सोयाबीननं काय दिलं. सोयाबीननं काही दिलं नाही, त्या चौघींनी दिलं. त्यांची हजेरी कुठल्याच वहीत नाही.

आता शिक्षण. धाकट्याची पोरगी नीटच्या शिकवणीला लातूरला. शिकवणी, खोली, डबा मिळून वर्षाचे दोन लाख. थोरल्याची नात दहावीला. माझा पोरगा पोलीस भरतीसाठी पहाटे चारला उठून रस्त्यानं पळणार, आठ वाजता औत धरणार. दोन लाख एकट्या मास्तराच्या पगारातून निघाले, असं त्याचा साडू म्हणतो. पगारातून निघाले हे खरं. पण मास्तर झाला कसा, ते साडूला ठाऊक नाही.

१९७२ च्या दुष्काळात थोरला १४ वर्षांचा होता. शाळा सोडून दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. नंतर शाळेत गेलाच नाही. त्याच्या खडीवर आणि औतावर मी १९७८ ला दहावी झालो, आणि पुढं आम्ही दोघांनी मिळून धाकट्याला डीएडला घातलं. घरातलं एक पोरगं शिकावं म्हणून दोघं मातीत राहिली. मराठवाड्यात ज्या ज्या घरात मास्तर, तलाठी, कंडक्टर झाला, त्या बहुतेक घरात असा एखादा खडी फोडणारा सापडंल. म्हणून पगारदाराचा पगार एकट्याचा नसतो. शहरातल्या वाचकांनी रागावू नये, पण आपल्या पगाराच्या मागं गावाकडं कुणाचं शिक्षण सुटलंय, एकदा बघावं.

नोव्हेंबरात थोरल्याच्या छातीत कळ आली. कळंबहून पुढं मोठ्या शहरात नेलं. तीन नळ्या बंद, बायपास करावा लागंल म्हणाले. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन बसत होतं, तरी मंजुरी येईस्तोवर ५० हजार भरा, असं त्या दवाखान्यानं तोंडी सांगितलं. पावती मागितली तर माणूस निघून गेला. पैसे भरले, कारण भाऊ आत होता. तपासण्या, औषधं, गाड्या, जेवणं धरून ८५ हजार घरचे लागले. ते धाकट्यानं दिले, एक शब्द न बोलता. १९७२ ची खडी २०२४ ला अशी फिटली. कागद नाही, व्याज नाही, पण लक्षात ठेवलेलं होतं. यालाच मी हिशेब म्हणतो. तुम्ही त्याला प्रेम म्हणत असाल तर म्हणा, माझी हरकत नाही.

पैशाहून मोठं दुसरंच होतं. थोरला २२ दिवस दवाखान्यात. माझा पोरगा आणि मोठा पुतण्या आळीपाळीनं त्याच्या उशाशी. त्या २२ दिवसांत हरभऱ्याचं पाणी चुकलं नाही, म्हशीची धार चुकली नाही, लेकरांची शाळा चुकली नाही. चार माणसांच्या घरात कर्ता आडवा झाला की पैसा जातो आणि हंगामही जातो. एकानं दवाखान्यात बसायचं, एकानं लेकरं बघायची, मग रानात कोण? आमच्या गावात एका आजारपणात दोन एकर विकलेली घरं मी मोजून दाखवीन. त्यातलं मोठं घर एकही नाही.

३० डिसेंबरला येळवस आली. दरसाल थोरला कोपीपुढं बसून पाहुण्यांना भज्जी वाढायचा. यंदा बाजेवर बसून त्यानं वाटीभर आंबील घेतलं आणि रानाकडं बघत राहिला. पाहुणे ४० होते, वाढायला पोरं होती.

जानेवारीत धाकट्या पुतण्याची बायको आठव्या महिन्यातच बाळंत झाली. पोरगी झाली, पण कमी वजनाची. १९ दिवस काचेच्या पेटीत. घरात दुसऱ्यांदा दवाखान्याच्या फेऱ्या, तेच कार्ड, तोच डबा. पोरगी वाचली. मार्चमध्ये बारसं केलं. घरात १८ माणसं झाली. १३ मे ला दहावीचा निकाल लागला, नातीला ८८ टक्के. थोरल्याचा जीव राहिला, पोरगी जगली, नात पास झाली. वर्ष निभावलं.

आता सुनांना बोलणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. या घरात दिवसाला ५०-५५ भाकरी होतात. वर्षाला १८ हजारांवर. एकेक थापून. दवाखान्यात बापय बसले म्हणून त्यांचं नाव झालं. रोज पहाटे डबा करून एसटीला देणाऱ्या वहिनीचं नाव झालं नाही. थोरल्याची खडी फिटली. वहिनीची ४५ वर्षं कशानं फिटायची? २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातल्या वडील बाईला कुटुंबप्रमुख केलं. सातबाऱ्यावर मात्र ती कुठंच नाही. गव्हाच्या पिशवीला बाई मालक आणि गव्हाच्या रानाला बापय मालक, अशी ही वाटणी. सून वेगळी चूल मागते, तेव्हा ती संस्कार मोडत नसते. आपलं काम एकदा तरी मोजलं जावं, एवढंच मागत असते. वेगळ्या चुलीवर निदान आपण किती भाकरी थापल्या ते तिला कळतं.

दुसरा तोडणारा म्हणजे सरकार, आणि ते भांडणाशिवाय तोडतं. आमचा सातबारा वडिलांमागं थोरल्याच्या नावावर आला, पुढं 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. जुन्या महसुलाला एकत्र घर माहीत होतं. नव्या योजनांना माहीत नाही. पीएम किसानमध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान लेकरं. वर्षाला ६ हजार, वर राज्याचे ६ हजार. जमीन थोरल्याच्या नावावर, म्हणून ते १२ हजार त्यालाच. मी तेवढाच राबतो, पण कागदावर मी शेतकरी नाही. आता नाव चढवावं तर १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीचं पाहिजे, नंतर चढलं असंल तर वारसानं चढलेलं पाहिजे. म्हणजे भाऊ मेला तर चालंल, जिवंतपणी वाटून दिलं तर नाही. २०१७ च्या कर्जमाफीतही तेच झालं. दीड लाखाची मर्यादा कुटुंबाला, आणि कुटुंब म्हणजे पुन्हा नवरा-बायको आणि १८ च्या आतली लेकरं.

रोजगार हमीचं बघा. महाराष्ट्राचा १९७७ चा कायदा काम मागणाऱ्या माणसाला ओळखायचा. २००५ च्या केंद्राच्या कायद्यानं घरामागं १०० दिवस धरले. घरात काम करणारे दोन असोत की दहा, त्या कायद्यात १०० म्हणजे १०० असायचे. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, घर तिघांचं असो की तेराचं. महात्मा फुले योजनेचे ५ लाख कुटुंबाला. धाकट्याचं कार्ड नोकरी लागली तेव्हाच वेगळं झालं. राहिलेल्या कार्डावर आम्ही १४ जण. थोरल्याचं काळीज आणि नातीची काचेची पेटी, दोन्ही एकाच पाच लाखांत. शेजारी तिघांच्या घरालाही तेवढेच. मग पुतण्यानं परवा जेवताना विचारलं, "काका, कार्ड फोडून टाकू का?" त्याला मी संस्कार सांगू?

वाटणी मात्र स्वस्त आहे. कलम ८५ खाली नाममात्र मुद्रांकावर होते, आणि मे २०२५ मध्ये सरकारनं वाटणीपत्राची नोंदणी फीही माफ केली. चांगलं केलं, ज्याला वेगळं व्हायचं त्याला खर्च नको. पण एकत्र राहणाऱ्याला काय? काही नाही. वेगळं होणाऱ्याला सवलत, एकत्र राहणाऱ्याला भाषण.

कुणी म्हणंल, मोठ्या घरात माणूस दबतो, तरण्या पोरांना स्वतःची खोली पाहिजे, सुनेला सासूच्या नजरेबाहेर श्वास पाहिजे. खरंय. ज्याचं मन नाही त्याला दावणीला बांधून घर टिकत नाही, टिकूही नये. पण ज्यांना राहायचंय त्यांना कागदानं तोडू नका, एवढंच माझं भांडण आहे.

माझ्या मागण्या तीन. सरकारनं चूल मोजू नये, माणसं मोजावीत. दवाखान्याचे पैसे, कामाचे दिवस, धान्य, सगळं माणसी द्यावं. मग कोण कुणाबरोबर जेवतो, हे ज्याचं तो ठरवील. दुसरी, घरातल्या बापयांनी राबणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर लावावं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या नावानं हेच सांगितलं होतं. त्याला ३० वर्षं उलटली आणि गावोगावचे सातबारे अजून बापयांच्याच नावावर. तिसरी भाषण करणाऱ्यांना. एक महिनाभर तुमची म्हातारी तुमच्या दोन खोल्यांत न्या, तिचा दवाखाना करा, मग गावात येऊन बोला.

यंदाचा मृग निघालाय. आमच्या घरात १८ माणसं आहेत. पुतण्याचं कार्ड आणि वहिनीचं सातबाऱ्यावरचं नाव, दोन्ही अर्ज एकाच पिशवीत घालून ठेवलेत. पहिल्यांदा वहिनीचा अर्ज द्यायचा, हे घरात बसून ठरलंय. दुसरा द्यायचा की नाही, ते सरकारनं ठरवावं.