उपचार मध्येच सुटू नयेत

आज १५ फेब्रुवारी, आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिन. मुलांना होणाऱ्या कर्करोगांत सर्वाधिक आढळतो तो रक्ताचा, म्हणजे ल्युकेमिया. न हटणारा ताप, पांढुरका पडलेला चेहरा, मार न लागताही उठणारे काळेनिळे डाग, हाडं दुखतात म्हणून रात्री रडणारं लेकरू. गावच्या डॉक्टरांना शंका येते, रक्त तपासलं जातं आणि आई-वडील परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात.

पहिला महिना सर्वांत कठीण. किमो, पाठीतलं इंजेक्शन, प्लेटलेट्ससाठी धावाधाव, रोज एकच प्रश्न : काउंट किती आले? पण बहुतेक मुलांच्या बाबतीत महिनाभरात तपासणीत कर्करोगाच्या पेशी दिसेनाशा होतात. पोर खेळू लागतं. घरच्यांना वाटतं, बरं झालं. खरा धोका इथेच असतो. न दिसणाऱ्या पेशी उरलेल्या असतात, म्हणूनच उपचार दोन-अडीच वर्षं चालतात.

हा धडा वैद्यकशास्त्रही ठेच लागूनच शिकलं. १९४८ मध्ये बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन देऊन ल्युकेमियाग्रस्त मुलांचा आजार प्रथमच मागे हटवला. हे औषध तयार करण्यामागे भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्या मुलांचा आजार काही महिन्यांत परतला. अनेक औषधं एकत्र आणि दीर्घकाळ द्यावी लागतात, हे उमगायला पुढची दोन दशकं गेली. अमिनोप्टेरिनचंच भावंड असलेलं मेथोट्रेक्सेट आजही या मुलांना दिलं जातं.

म्हणजे औषध आहे, ते कसं द्यायचं हेही ठाऊक आहे. तरीही श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात आणि अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. निदानाला उशीर आणि मध्येच सुटणारे उपचार ही त्यामागची मोठी कारणं. उपचार सोडणाऱ्या आई-वडिलांना दोष देणं सोपं आहे. पण बापाची मजुरी बुडते, धाकटं भावंड आजीकडे राहतं, शेत गहाण पडतं. औषध योजनेतून मिळालं, तरी मुंबईत राहायचं कुठे आणि खायचं काय?

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने हा प्रश्न फार पूर्वी ओळखला. सेंट ज्यूड इंडिया ही संस्था २००६ पासून अशा कुटुंबांना विनामूल्य आसरा देते. या कामांबद्दल कृतज्ञता आहेच. पण लेकराचा जीव दानशूरांच्या भरवशावर सोडणं सरकारला शोभत नाही. निवास, प्रवास, पोषण आणि बुडालेली मजुरी हा उपचारखर्चाचाच भाग मानून शासकीय योजनांत त्याची तरतूद व्हायला हवी. जिल्हा रुग्णालयांत उपचारांच्या शेवटच्या, देखभालीच्या टप्प्यातल्या तपासण्या व्हाव्यात, तारीख चुकवणाऱ्या कुटुंबाला त्याच आठवड्यात फोन जावा आणि शाळेने परतलेल्या मुलाला ‘हा आजार संसर्गाने पसरत नाही’ असं वर्गाला समजावून सामावून घ्यावं. राज्याच्या येत्या अर्थसंकल्पात त्यासाठी स्वतंत्र तरतूद झाली, तर आजचा दिवस पाळल्याचं सार्थक होईल.