नाण्याचा भाव जाहिरातीत नसतो

प्रतिनिधी

देहूरोड : लष्करी छावणी, ऑर्डनन्स डेपो आणि कारखान्यामुळे देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येऊन स्थिरावलेल्या या गावात, जुन्या पेट्यांतून नाणी आणि तिकिटांचे संग्रह निघाले तर नवल नाही. ते विकायचे ठरले की वारसांच्या हाती प्रथम लागते ती 'वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये' अशा छापाची जाहिरात. 2012 सालचे हे पाच रुपयांचे नाणे सर्रास चलनात आले होते. ते दुर्मीळ कसे ठरणार?

खरा हिशेब धातू, वर्ष आणि अवस्था यांचा आहे. व्हिक्टोरिया राणीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात सुमारे 91.7 टक्के चांदी. 1940 मध्ये चांदी निम्म्यावर आली, 1947 चा रुपया तर निकेलचा. साहजिकच सहाव्या जॉर्जचे दिसायला सारखे दोन रुपये भावात फार वेगळे ठरतात. बहुतेक जुन्या रुपयांना चांदीचा भाव किंवा त्याहून थोडे अधिक मिळते. 1939 चा रुपया अपवाद. तो दुर्मीळ, म्हणूनच त्याची बनावटही बरीच. चिंच लावून लख्ख घासलेल्या नाण्याची किंमत मात्र हमखास उतरते.

अमेरिकेतही हेच दिसते. मिकी मँटल या बेसबॉलपटूचे 1952 चे कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरना गेले, ते जवळजवळ निर्दोष अवस्थेमुळे. त्याच छपाईच्या झिजलेल्या कार्डांना त्याचा अल्प अंशही मिळत नाही.

फसवणुकीची रीत ठरलेली आहे. 'ग्राहक' भाव न पाडता सौदा मान्य करतो; मग नोंदणी शुल्क, कर, प्रमाणपत्र अशा नावांखाली विक्रेत्याकडूनच पैसे उकळतो. आपण अशा व्यवहारांत नाही व कोणतेही शुल्क वा कमिशन मागत नाही, असे रिझर्व्ह बँकेने 4 ऑगस्ट 2021 रोजी स्पष्ट केले होते. लिलावगृह आपले कमिशन सहसा विक्रीच्या रकमेतून कापते, हा फरक पुरेसा बोलका आहे. पैसे गेलेच तर 1930 वर तत्काळ तक्रार करावी.

कायद्याच्या बाजूकडे तर क्वचितच कोणी पाहते. शंभर वर्षांहून जुनी नाणी 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात; खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाहीत. नोटाबंदीतील पाचशे-हजारच्या दहाहून अधिक नोटा बाळगणे 2017 च्या कायद्याने दंडनीय आहे. संग्राहकांना ही मर्यादा पंचवीस नोटांची आहे.