पाण्याचा हिशेब कोण लिहिणार?



परदेशी जाऊन एम्. बी. ए. व्हावे आणि शाश्वत विकासाच्या, म्हणजे उद्योगजगत ज्यास 'सस्टेनेबिलिटी' म्हणते त्या क्षेत्रात काम करावे, असे आपल्या एखाद्या मुलाने अथवा मुलीने घरात बोलून दाखविले की बहुतेक घरांतून एकच उद्गार निघतो : "हे भरल्या पोटाचे चोचले आहेत. तू आपली सरकारी नोकरी पाहा." हा उद्गार मायेपोटी निघतो, हे आम्ही जाणतो. ज्यांच्या वाडवडिलांनी उपास काढले त्यांनाच महिन्याच्या निश्चित पगाराचे मोल कळते. परंतु मायेचा सल्लाही चुकीचा असू शकतो. हा सल्ला चुकीचा आहे, आणि आपल्या चळवळीच्या इतिहासाशी तो विसंगत आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पर्यावरणाचा प्रश्न भरल्या पोटाचा आहे, असे कोणी सांगितले? २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी कोणाचे, हा प्रश्न या देशात त्याहून स्पष्टपणे कधी कोणी विचारला होता काय? त्याच १९२७ सालापासून मुंबई आपला कचरा देवनारला टाकीत आली आहे. जानेवारी २०१६ मध्ये त्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली तेव्हा धुराने कोणाच्या मुलांच्या छाती भरल्या? मलबार हिलवरच्या नव्हे, गोवंडीच्या झोपड्यांतल्या! हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. त्यानंतरही गटारांत माणसे मरत राहिली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा प्रत्येक मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये करावी लागली. कचेऱ्यांतील आपल्या राखीव जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. गटाराच्या तोंडाशी जातीने राखून ठेवलेली जागा मात्र एक दिवसही रिकामी राहिली नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, घाण पाणी, विषारी हवा आणि सडका कचरा यांचे ज्ञान आपल्या समाजाइतके कोणालाच नाही. उणीव आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. या साऱ्याचा हिशेब ज्या टेबलावर लिहिला जातो त्या टेबलाशी आपण नाही.

हा हिशेब खरोखरच लिहिला जातो. भारतातील भांडवली बाजाराचे नियमन करणाऱ्या 'सेबी'ने २०२१ साली फर्मान काढले, आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या १००० कंपन्यांना एक वार्षिक अहवाल सक्तीचा झाला. कारखान्याने किती वीज जाळली, किती पाणी उपसले, कचरा कोठे टाकला, किती कामगार जायबंदी झाले, किमान वेतन दिले की नाही, हे सारे त्यात सांगावे लागते. उत्तम गोष्ट आहे. परंतु त्याच अहवालातील कर्मचाऱ्यांचा तक्ता उघडून पाहा. स्त्रिया किती, पुरुष किती, दिव्यांग किती, याचे रकाने आहेत. जातीचा रकाना नाही! धुराचे वजन टनावारी मोजले जाते; पण सांडपाण्याच्या टाकीत उतरणारा माणूस कोणत्या समाजातून येतो आणि संचालकांच्या खुर्चीवर बसणारा कोणत्या, हे मोजण्याची गरज कोणाला भासली नाही. का भासावी? रकाने आखणाऱ्यांत ज्याला ते सलते असा माणूसच नसेल, तर रकाना आपोआप उगवत नाही.

शाश्वत विकासाचे शिक्षण आम्हाला हवे आहे ते या कारणासाठी. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात १९९६ पासून एक संस्था व्यवस्थापन आणि पर्यावरण या दोन पदव्यांचा जोड अभ्यासक्रम चालविते. ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ साली बाबासाहेबांनी पाऊल ठेवले, तेथेही शाश्वत विकासाच्या व्यवस्थापनाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी आहे. बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर तेथे गेले तेव्हा 'अस्पृश्याच्या पोराला अर्थशास्त्र कशाला?' असे विचारणारे थोडे नव्हते. त्या अर्थशास्त्रातूनच १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ निघाला. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले, आणि १९४३ च्या महापुरानंतर दामोदर नदीच्या खोऱ्याची योजना त्यांच्याच खात्याने हाती घेतली. ज्याला महाडला तळ्यावर येऊ देत नव्हते, त्याने पंधरा-सोळा वर्षांनी नद्यांच्या नियोजनाची सूत्रे हातात घेतली. ही विद्येची किमया आहे!

पण बंधूंनो, विद्या आणि विद्येचा बाजार या दोन गोष्टी निराळ्या आहेत. शहराशहरांत दलाल दुकाने थाटून बसले आहेत. ते तुमच्या मुलाला कोणत्यातरी नावगाव नसलेल्या विद्यापीठाचे पत्र आणून देतील आणि तुमच्याकडून घर गहाण ठेववून घेतील. अमेरिकेतील नामांकित विद्यापीठात दोन वर्षांच्या एम्. बी. ए. चा एकूण खर्च एक कोटी रुपयांच्या पुढे जातो. शिकून तेथेच नोकरी मिळेल याची हमी कोणीही देऊ शकत नाही. अमेरिकेने तर सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच्-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचे शुल्क बसविले. भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला उपदेश केला की मिळकतीचे चार भाग करावेत : एक भाग उपभोगावा, दोन भाग उद्योगात घालावेत, चौथा अडचणीसाठी राखावा. हे चारही भाग सावकाराला वाहून मिळविलेली पदवी मुक्ती देत नाही. ती नवी वेठ लादते.

मग मार्ग कोणता? मार्ग हक्काचा आहे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५० च्या दशकापासून चालू आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. त्यांचे नियम स्वतः वाचा. दलालाच्या तोंडून ऐकू नका. मुलाला आधी येथे दोन-चार वर्षे काम करू द्या, कारण चांगली विद्यापीठे एम्. बी. ए. साठी कामाचा अनुभव मागतात. आणि दाखल्यावर बौद्ध लिहिले तर सवलत जाईल, या भीतीने आपला धम्म लपवू नका. १९५६ नंतर केंद्राने आपल्या सवलती नाकारल्या होत्या हे खरे. परंतु १९९० साली कायदा बदलला आणि बौद्धांना अनुसूचित जातींचे हक्क मिळाले. केंद्राच्या नमुन्यातील दाखला वेळेवर काढून ठेवा आणि मान ताठ ठेवून अर्ज करा.

परदेशी जाणाऱ्या तरुण-तरुणींनाही दोन शब्द. समुद्र ओलांडला की जात सुटते, या भ्रमात राहू नका. अमेरिकेत सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्ध कायदा करावा लागला, तो काय उगाच? आणि परत आल्यावर मालकाच्या काळ्या धुराला हिरवा रंग देण्याचे काम करू नका. उदयन राजाने आनंदाला विचारले होते, "भिक्षूंना इतकी चीवरे कशाला?" आनंदाने उत्तर दिले की नवी चीवरे आली की जुन्यांच्या चादरी होतात, चादरींच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची पायपुसणी, आणि शेवटी चिंध्या कुटून मातीत मिसळून त्यांनी लिंपण केले जाते. शाश्वत विकासाचा हा धडा आपल्या धम्मात अडीच हजार वर्षांपासून आहे. तो परक्यांकडून उसना घ्यावयाचा नाही. त्यांच्या हिशेबाच्या वह्या तेवढ्या शिकून घ्यावयाच्या आहेत.

आईबापांनो, तुमची मुलगी उद्या हा विषय काढील तेव्हा तिला चोचले म्हणून गप्प करू नका. तिला एवढेच विचारा : विद्यापीठ कोणते, शिष्यवृत्ती कोणती, आणि परत येऊन कोणाचा हिशेब मांडणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी असेल, तर पहिल्या दोहोंसाठी तुम्ही तिच्याबरोबर समाजकल्याण कार्यालयाची पायरी चढा.

जय भीम!