सुकाणूचा दांडा

मोटार विकत घेतात हें आम्हांस ठाऊक होतें. ती घरीं बांधतात हें गेल्या उन्हाळ्यांत इंग्लंडांत पुतण्याकडे दोन महिने राहिलों तेव्हां पाहिलें. त्या देशांत हा छंद जुना आहे. कॉलिन चॅपमन यांनीं १९५७ सालीं ‘लोटस सेव्हन’ नांवाची लहानशी उघडी गाडी काढली व ती सुट्या भागांच्या रूपानेंही विकली. कारण तयार गाडीवर तेथें खरेदीकर पडे, सुट्या भागांवर पडत नसे. १९७३ सालीं व्हॅट आला आणि ती सवलत संपली, छंद मात्र राहिला. पुढें १९९६ मध्यें रॉन चँपियन यांचें पुस्तक निघालें. जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग घेऊन अवघ्या २५० पौंडांत तशा धर्तीची गाडी कशी बांधावी, हें त्यांत सांगितलें आहे. आमचा पुतण्या त्याच पंथाचा. (२५० पौंडांचा आंकडा सूनबाईंसमोर काढूं नये, हें आम्हांस पहिल्याच दिवशीं समजलें.)

अशा गाडीस किट कार म्हणतात. अडचण येते ती अशी कीं, भाग एका गाडीचे आणि सांगाडा दुसरीचा. एस्कॉर्टमध्यें चालक पुढच्या चाकांपासून बेताच्या अंतरावर बसतो. ह्या बैठ्या गाडींत तो जवळजवळ मागच्या आंसावर जाऊन बसतो. त्यामुळें हातांतील चाकापासून निघालेला सुकाणूचा दांडा खालच्या दांतेरी पट्टीपर्यंत पोंचेना. १९ सेंटिमीटर कमी पडला. वाटेंत इंजिन व धुराची नळी, म्हणून तो सरळही नेतां येईना. दोन ठिकाणीं युनिव्हर्सल जॉइंट घालून त्यास वळवावें लागलें. त्या दोन जॉइंटांमधील भाग पुतण्यानें कापला, तितक्याच जाडीचा पोलादी तुकडा मध्यें धरून कडेनें वेल्डिंग केलें, कानशीनें घासून गुळगुळीत केलें आणि वर काळा रंग दिला. जोड कोठें आहे तें बोटासही लागेना. त्याचें त्यास मोठें भूषण वाटे.

सूनबाई मात्र नातीस त्या गाडींत बसूं देईनात. “काका, तुम्हीच यांना सांगा,” त्या एकदां म्हणाल्या. “ब्रेक लागला नाहीं तर हँडब्रेक तरी आहे, हें तुटलें तर काय आहे?” ह्या प्रश्नास पुतण्याजवळ उत्तर नव्हतें, आमच्याजवळही नव्हतें. कठोपनिषदांत शरीररूपी रथाचा सारथि सांगितला आहे, लगाम व घोडेही सांगितले आहेत. लगामाच्या गांठीविषयीं कांहींच सांगितलेलें नाहीं. ती घट्ट असणार, असें ऋषींनीं गृहीत धरलें असावें.

यंत्रांतलें आम्हांस कळत नाहीं. परंतु संस्कृताबरोबर पुष्कळ वर्षें भूमितीही शिकविली. सहज चाक फिरवून पाहिलें तों तें एकसारखें फिरेना. एका फेऱ्यांत दोनदां जड, दोनदां हलकें. “नवें आहे, काका. होईल मोकळें,” पुतण्या म्हणाला. आमचें समाधान झालें नाहीं. नातीच्या कंपासपेटींतील कोनमापक मागून घेतला, दांड्याच्या वरच्या व खालच्या टोकास कागदाच्या चकत्या चिकटविल्या आणि मोजूं लागलों. वरचें टोक ३० अंश फिरविलें कीं खालचें कोठें २३ अंश फिरे, कोठें ३७.

हा जॉइंट म्हणजे फुलीच्या आकाराच्या तुकड्यानें जोडलेलीं दोन दुबेळकीं. सतराव्या शतकांत रॉबर्ट हूक यांनीं ह्याचा विचार केला, म्हणून त्यास हूकचा सांधाही म्हणतात. त्याची एक खोड आहे. दांडा ३० अंशांत वळला असेल, तर वरचें टोक एका गतीनें फिरविलें तरी खालच्या टोकाची गति प्रत्येक फेऱ्यांत दोनदां १.१५ पट होते व दोनदां ०.८७ पटीवर येते. दुसरा जॉइंट ही खोड पुरती मोडतो. पण दोन्ही कोन सारखे पाहिजेत, आणि मधल्या दांड्याचीं दोन्ही टोकांचीं दुबेळकीं एकाच पातळींत पाहिजेत. पुतण्यानें वेल्डिंग करतांना एक टोक पाव फेरा फिरलें होतें. त्यामुळें दुसऱ्या जॉइंटानें पहिल्याचा दोष फेडण्याऐवजीं दुणावला होता.

आतां तो दांडा पुन्हा कापल्यावांचून गत्यंतर नव्हतें. जवळच जन्मभर वेल्डिंगचें काम केलेले एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांनीं दांडा शेगड्यांत नव्हे, शेंगाड्यांतही नव्हे, साध्या पकडींत धरून जोडावरून उभा चिरला, आणि न बोलतां पुतण्याच्या हातीं दिला. पोलाद वितळून एक झालें होतें तें फक्त कडेपुरतें. आंत दोन तोंडें नुसतीं एकमेकांस टेकलेलीं, मध्यें काळी रेघ. गुळगुळीत करण्याच्या नादांत कानशीनें त्या कडेचाही पुष्कळसा भाग खाल्ला होता. शिवाय असें पोलाद तापून झटकन निवलें कीं जोडाशेजारीं ठिसूळ होतें, असें त्या गृहस्थांनीं सांगितलें. पुतण्या बराच वेळ तुकडा हातांत घेऊन उभा होता. परततांना वाटेंत म्हणाला, “काका, मागच्या महिन्यांत तिला मागच्या आवारांत दोन फेऱ्या मारून आणल्या होत्या मीं. हिला ठाऊक नाहीं.” आम्हींही तें घरीं सांगितलें नाहीं, येथें लिहीत आहों तें त्याच्या अनुमतीनें.

नवा दांडा अखंड आणला, १९ सेंटिमीटर अधिक लांबीचा, दोन्ही टोकांस कारखान्यांत खांचा पाडलेला. जॉइंट त्या खांचांवर चढतो आणि त्यास आवळणारा बोल्ट दांड्यावरील आडव्या खोबणींतून जातो. म्हणजे बोल्ट सैल झाला तरी जोड निसटत नाहीं. दुबेळकीं खडूची रेघ मारून एका पातळींत आणलीं. इंजिन रबरावर डोलतें, म्हणून दांडा व धुराची नळी यांत बोटभर जागा राखली. पुन्हा मोजलें तेव्हां ३० ला ३० आले. अर्ध्या अंशाचा फरक दिसला तो आमच्या डोळ्यांचा. वांकडा दांडा पुतण्यास आधीं कुरूप वाटे. परंतु समोरून धडक बसली तर सरळ दांडा चालकाच्या छातीवर येतो, वांकडा सांध्यांत दुमडतो. दांडा मागें येण्याचें भय एवढें मोठें कीं, ४८ किलोमीटर वेगाच्या धडकेंत तो १२७ मिलिमीटरहून अधिक मागें येतां कामा नये, असा नियम अमेरिकेनें १ जानेवारी १९६८ पासून केला.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचें ५२ वें कलम गाडींत मनास येईल तसा फेरफार करूं देत नाहीं. तिकडे करूं देतात, पण अशी एकेक गाडी स्वतंत्रपणें तपासून मगच रस्त्यावर सोडतात. ती तपासणी आम्ही परत आल्यावर झाली. पुतण्यानें फोनवर सांगितलें कीं, परीक्षकांनीं विजेरी घेऊन खालीं एकेक बोल्ट पाहिला, चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरविलें आणि सुकाणूविषयीं अवाक्षर काढलें नाहीं. गाडी नापास केली ती समोरच्या फळीवरील एका बटनाची कड धारदार होती म्हणून. तो चिडला होता. मागें सूनबाईंचें हंसणें ऐकूं येत होतें, आणि नात विचारीत होती कीं बटन घासायला कानस तिच्या हातीं देतील काय.