अरुंधती पाहिलीत का?

लग्नात भटजींनी आपल्या सगळ्यांनाच अरुंधती दाखवली. त्यांचं बोट वर गेलं, ‘दिसली का?’ असं विचारलं गेलं आणि आपण मुकाट्याने मान डोलावली. वर होतं मांडवाचं कापड नाहीतर कार्यालयाचा पंखा, आणि बाहेर टळटळीत दुपार! त्याला आता इतकी वर्षं झाली. मैत्रिणींनो, खरी अरुंधती पाहिलीत का हो कधी?

ती पाहायला दुर्बीण लागत नाही. सप्तर्षींच्या शेपटीत टोकाकडून दुसरा तारा तो वसिष्ठ. त्याला अगदी खेटून एक बारीकसा तारा आहे, तीच अरुंधती. चैत्र-वैशाखात रात्री नऊ-दहाच्या सुमाराला सप्तर्षी उत्तरेकडे चांगले वर आलेले असतात. पण शहराच्या गच्चीतून पाहा. वसिष्ठ सापडतो, शेजारी अरुंधती काही दिसत नाही. दोष आपल्या डोळ्यांचा नाही, खालच्या दिव्यांचा आहे. रस्त्यावरचे दिवे, जाहिरातींचे फलक, इमारतींवरचे झोत यांचा बराचसा उजेड वर जातो, हवेतल्या धुळीला आणि बाष्पाला लागून पसरतो आणि दुधावर साय धरावी तसा आकाशावर बसतो. बारीकसारीक तारे त्या सायीखाली बुडतात.

२०११ ते २०२२ या काळात साध्या डोळ्यांनी केलेल्या पन्नास हजारांहून अधिक नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या आणि २०२३ साली निष्कर्ष मांडला, की रात्रीचं आकाश वर्षाला साधारण साडेनऊ टक्क्यांनी उजळत चाललं आहे. म्हणजे ज्या ठिकाणी मूल जन्मलं तेव्हा २५० तारे दिसत होते, तिथेच ते अठरा वर्षांचं होईल तेव्हा शंभरच उरतील. या नोंदी बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या आहेत, पण आपल्या गच्चीवरून पाहिलं तर आपल्याकडे काही वेगळं चाललं असेल असं वाटत नाही. दागिने, घर, शिक्षण हे सगळं आपण मुलांसाठी राखून ठेवतो. आकाशगंगा मात्र न दाखवताच त्यांना मोठं करतो आहोत.

तेव्हा वर्षातून एकदा तरी घरादाराला घेऊन अंधारात जायला हवं. कसं, ते आज सांगते.

आधी दिवस, मग जागा

चांदणं असेल तर कितीही चांगली जागा शोधा, उपयोग नाही. पण तिथीचा हिशेब आपल्याला कोणी शिकवायला नको. संकष्टीचा चंद्रोदय आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेलाच असतो, आणि उपास सोडायला आपणच ताटकळत बसलेल्या असतो. संकष्टीला चंद्र नऊच्या मागेपुढे उगवतो आणि पुढे रोज पाऊण-एक तास उशीर करतो. तेव्हा वद्य सप्तमीपासून पुढच्या महिन्याच्या शुद्ध तृतीयेपर्यंतचे बाराएक दिवस आपले. या दिवसांत रात्रीच्या जेवणापासून साडेदहापर्यंत आकाश काळंभोर मिळतं. शुद्ध पक्षातली बारीक कोर आपली आपण लवकर मावळते, तिचा अडथळा नाही.

ऋतू म्हणाल तर पावसाळ्याचे चार महिने सोडून द्या. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. पावसाने हवा धुऊन निघालेली असते आणि अंधार लवकर पडत असल्याने मुलं झोपायच्या आत सगळं उरकतं. आपल्या महिन्यांची नावंसुद्धा इथे कामाला येतात. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राजवळ, त्यावरून महिन्याचं नाव पडलं. म्हणून कार्तिकात कृत्तिका आणि मार्गशीर्षात मृग संध्याकाळी पूर्वेकडे उगवलेले सापडतात. उल्का पाहायच्या असतील तर दरवर्षी १३-१४ डिसेंबरची रात्र ध्यानात ठेवा. त्या वेळी मिथुन राशीच्या दिशेने उल्का पडतात. फक्त त्या वर्षी चंद्र आडवा येत नाही ना, एवढं पाहून घ्या.

शहर पाठीशी घ्या

आता जागा. पहिला नियम असा, की ज्या दिशेचं आकाश पाहायचं त्या दिशेला शहर नको. दक्षिणेकडचं आकाश फार देखणं आहे. हिवाळ्यात अगस्ती तिकडे, उन्हाळ्यात वृश्चिक आणि आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग तिकडे. म्हणून शहराच्या दक्षिणेला किंवा नैऋत्येला जावं. शहराचा उजेड मग उत्तरेला, आपल्या पाठीशी राहतो. आम्ही पुण्याच्या माणसांनी वेल्हे किंवा भोरची वाट धरली, तर पन्नास-साठ किलोमीटरवर हे जमतं. शिवाय मध्ये डोंगर असला तर तो पडद्यासारखा शहराचा उजेड अडवतो. एवढंच अंतर उत्तरेला जुन्नरकडे गेलं तरी अंधार मिळतो, पण पुण्याचा उजेड नेमका दक्षिणेच्या क्षितिजावर येतो. तरी डोक्यावरचं आकाश तिकडेही छान असतं. पुण्याच्या आयुका संस्थेने आपली दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ साली त्याच बाजूला, गिरवलीला सुरू केली. ती संशोधनासाठी आहे, सहलीचं ठिकाण नव्हे. पण अंधार शोधत एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञांनाही गाव सोडून जावं लागतं, हे यातून कळतं.

मुंबईकर मैत्रिणींना वांगणी ठाऊक असेलच. कर्जतच्या लोकलने बदलापूरच्या पुढचं स्टेशन. खगोल मंडळाची आकाशदर्शनं तिथे वर्षानुवर्षं झाली आहेत. मात्र वस्ती वाढत तिथवर पोचली आहे, तेव्हा दोन दिवस हाताशी असतील तर सरळ भंडारदऱ्याकडे जावं. नागपूरकरणी तर सर्वांत नशीबवान! तुमच्या जवळचा पेंच व्याघ्रप्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. तिथल्या आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे बदलून त्यांचा उजेड जमिनीकडेच पडेल असा केला गेला. गावं अंधारात गेली नाहीत आणि आकाशही राहिलं.

फोनवर विचारायचे प्रश्न

पुरुष मंडळी सांगतात, ‘कुठल्याही माळावर गाडी लावायची की झालं!’ आपल्याला असं चालत नाही. बाथरूम कुठे, मुलांना भूक लागली तर काय, परतताना रस्ता कसा, हे आपणच पाहायचं असतं. रात्री घराबाहेर राहायचं म्हटलं की घरातूनही ‘कशाला ते?’ असा सूर निघतोच. म्हणून बाईच्या दृष्टीने चांगली जागा म्हणजे जिथे आकाशात अंधार आहे आणि जमिनीवर भरवसा आहे ती.

यासाठी गावाबाहेरचं एखादं कृषी पर्यटन केंद्र किंवा ओळखीच्यांचं शेतघर सगळ्यांत सोयीचं. फोन करून चार गोष्टी विचारा. अंगणातले आणि फाटकावरचे दिवे दोन तास बंद ठेवाल का? जवळ ढाबा, कारखाना किंवा हमरस्ता आहे का? दक्षिणेला उघडं आकाश आहे, की झाडी आहे? रात्री इतर मंडळींचा गाण्याबिण्यांचा कार्यक्रम तर नाही ना? शक्य असेल तर आधी एकदा दिवसाउजेडी जाऊन या. विहीर, खड्डे, तारेचं कुंपण कुठे आहे ते पाहून ठेवा. दोन-तीन कुटुंबांनी मिळून जावं. गडावर मुक्कामाचा हट्ट धरू नये, बऱ्याच ठिकाणी त्याची परवानगी नसते. पायथ्याचं गाव बरं.

आम्ही गेल्या मार्गशीर्षात वेल्ह्याच्या बाजूला असेच तीन कुटुंबं गेलो होतो. पिठलं-भाकरी झाल्यावर मालकिणीने स्वतः जाऊन सगळे दिवे बंद केले. मुलं आधी ओरडली, मग हळूहळू गप्प झाली. माझ्या सासूबाईंचं बालपण खेड्यात गेलं, खळ्यावर झोपायची सवय. त्या सतरंजीवर आडव्या झाल्या, पूर्वेकडे बोट करून म्हणाल्या, “ते बघ तिकांडं!” मृगातल्या तीन ताऱ्यांना त्या तिकांडं म्हणतात. नंतर बराच वेळ काही बोललेच नाही कोणी. मग त्या हळूच म्हणाल्या, “मला वाटलं होतं, हे सगळं गेलं.” पन्नास वर्षं शहरात काढलेल्या बाईचं ते बोलणं माझ्या मनातून अजून जात नाही.

बरोबर काय न्यावं

खाली घालायला प्लॅस्टिकचा कागद, त्यावर सतरंजी. दव पडतं, म्हणून प्रत्येकाला शाल आणि कानटोपी. थर्मासात चहा. पायात बूट हवेतच, चपला नकोत. डासांसाठी मलम.

बॅटरीच्या तोंडाला लाल जिलेटिनचा कागद दोन-तीन पदरी करून रबरबँडने बांधा. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढरा उजेड क्षणभर डोळ्यांवर पडला तरी सगळी मेहनत वाया जाते. लाल मंद उजेडाने तसं होत नाही. मोबाईल सगळ्यांचे गोळा करून पिशवीत टाकलेले बरे. नकाशाला एकच ठेवा, तोही उजेड अगदी कमी करून. दुर्बिणीचा खर्च पहिल्या फेरीला मुळीच करू नका.

दिशा कळायला आपला हात पुरे. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात दहा अंश व्यापते. पुण्या-मुंबईहून ध्रुवतारा उत्तरेच्या क्षितिजापासून साधारण दोन मुठी वर असतो, नागपूरहून किंचित जास्त.

जागा कितपत चांगली, याची परीक्षाही सोपी आहे. हिवाळ्यात कृत्तिकांच्या पुंजक्यातले तारे मोजा. सहा-सात निघाले तर जागा पास. आकाशगंगेचा फिकट पट्टा दिसला तर पहिला वर्ग. आणि कार्तिकातल्या रात्री डोक्याजवळ देवयानीची दीर्घिका धुरकट ठिपक्यासारखी दिसली, तर समजा की पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड तुमच्या डोळ्यांपर्यंत पोचला.

आणि आपला दिवा

एक गोष्ट मनात येईल ती बोलूनच टाकते. ‘आम्हा बायकांना रस्त्यावर उजेड हवा, आणि तुम्ही अंधाराचं कौतुक कसलं सांगता?’ अगदी बरोबर आहे. क्लासवरून घरी येणाऱ्या मुलीला दिवा हवाच. पण तो तिच्या पायाखाली पडायला हवा. वर आणि बाजूला पसरणारा झोत डोळे दिपवतो, सावल्या आणखी काळ्या करतो आणि त्या सावलीत कोण उभं आहे तेही दिसत नाही. दिव्यावर टोपी बसवली, तोंड खाली केलं, की कमी विजेत जास्त दिसतं. पेंचच्या गावांनी हेच केलं. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत फाटकावरच्या झोताचा विषय तुम्हीच काढा. वीजबिलाचा हिशेब पुढे केलात की चिटणीसही ऐकतील.

तुमच्या गावाजवळ अशी एखादी जागा असेल, तर मला जरूर कळवा. दिवे कुठून दिसतात, बाथरूमची सोय आहे का आणि दक्षिण मोकळी आहे का, एवढं लिहायला विसरू नका. चांगल्या जागा मी याच पानात देईन. तोवर आज रात्री झाकपाक झाली की भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि पुढची वद्य सप्तमी कुठल्या वारी येते ते बघून ठेवा.